लातूरच्या जिममधून क्रूझ शिपवर : फिटनेस ट्रेनरची नोकरी कशी लागते, सगळं पहिल्यापासून

"जहाजावर बी जिम असतंय का रे?" औशाच्या बसस्टँडवर आमच्या एका मामांनी मला हे विचारलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर जो भाव होता तो बघून मलाच क्षणभर वाटलं की आपण कायतरी खोटं बोलायलोत.

असतंय मामा, आणि लई भारी असतंय. 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचं जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालं, २० डेक, साडेसात हजारापर्यंत प्रवासी. आपल्याकडं एवढ्या लोकसंख्येचं गाव असलं की त्याला ग्रामपंचायत असते, बाजार असतो, दोनतीन तालमी असतात. तसंच ते. मी दोन कॉन्ट्रॅक्ट केलेत, सध्या सुट्टीवर घरी आलोय, आणि आल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारायलंय की दादा कसं गेलास, किती खर्च आला, एजंट कोण. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलचक झालंय, पण अर्धवट वाचून एजंटला पैसे देऊ नका एवढंच.

आधी हे काम नेमकं काय आहे ते कळू द्या

मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सगळ्यात पहिले हेच लिहायलो. जहाजावरचा ट्रेनर म्हणजे आपल्या गावच्या जिममधला ट्रेनर नाही. इथं आपण दिवसभर फ्लोअरवर उभं राहून पोरांना बेंच प्रेसला स्पॉट देतो, महिन्याला पगार घेतो, एखाददुसरा पर्सनल क्लायंट असला तर वरचे दोन पैसे. जहाजावर पगाराचा मोठा हिस्सा कमिशनचा असतो, म्हणजे तुम्ही किती विकलं त्यावर. पर्सनल ट्रेनिंगचे सेशन, योगा-पिलाटेस-स्पिनिंगचे पैसे लावून घेतले जाणारे क्लास, बॉडी कंपोझिशनची म्हणजे अंगात चरबी किती, स्नायू किती याची तपासणी, आणि वरून डिटॉक्सची म्हणजे 'शरीर आतून साफ करतो' म्हणून विकायची पाकिटं. आठवड्याचं टार्गेट असतं आणि मॅनेजर ते रोज विचारतो. सरळ बोलायचं तर हे सेल्सचं काम आहे, अंगात ट्रेनरचा टी-शर्ट घालून करायचं.

बहुतेक जहाजांवर जिम आणि स्पा जहाज कंपनी स्वतः चालवत नाही, ठेक्यानं देते. या धंद्यातली सगळ्यात मोठी ठेकेदार कंपनी वनस्पावर्ल्ड, जी आधी स्टायनर नावानं ओळखली जायची आणि २०१९ पासून अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात लिस्टेड आहे. शंभरावर जहाजांचे स्पा त्यांच्याकडं आहेत. म्हणून जहाज कंपनीच्या साइटवर ट्रेनरची जागा शोधून सापडत नाही तेव्हा निराश होऊ नका, जागा ठेकेदार कंपनीच्या साइटवर असते, स्पाच्या नोकऱ्यांमध्ये. माझे दोन महिने असेच चुकीच्या ठिकाणी अर्ज टाकण्यात गेले.

दिवस कसा जातो ते सांगतो. प्रवासी चढायचा दिवस म्हणजे सगळ्यात वाईट, लिफ्टपाशी नाहीतर जिमच्या दारात हातात कागदं घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हसून बोलवायचं. पहिल्या दिवशी मी तीन तास उभा होतो आणि माझ्याकडून एकानंही कागद घेतला नाही, कारण मी कागद पुढं करून नुसता उभा राहायचो, बोलायचोच नाही. शेजारी फिलिपिन्सची एक मुलगी होती, मसाज थेरपिस्ट, ती प्रत्येकाला आधी विचारायची, गुडघा दुखतो का, विमानप्रवास किती तासांचा झाला. कागद शेवटी द्यायची. चौथ्या तासाला मी तिची कॉपी मारली आणि दोन बुकिंग झाले. आपल्याकडं आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी बाई जे करते तेच हे, आधी "काय म्हणतंय पोरगं, शाळंत जातंय का", मग जुडी.

जहाज समुद्रात असतं तो सी डे, त्या दिवशी जिम भरलेलं आणि तुमची कमाई. बंदरावर थांबतं तो पोर्ट डे, त्या दिवशी जिम रिकामं, तुम्हाला बाहेर फिरायला मिळू शकतं. मधल्या वेळात मशीन पुसणं, टॉवेलच्या घड्या, वजनं जागेवर लावणं. ट्रेनर म्हणून आलोय, टॉवेल काय म्हणून लावू असं ज्याला वाटत असेल त्यानं इथंच वाचणं थांबवलं तरी चालंल.

कागदावरची आणि खरी पात्रता

सर्टिफिकेट लागतं, आणि ते बाहेर ओळखलं जाणारं लागतं. गावातल्या जिमच्या मालकानं लेटरहेडवर दिलेलं चालत नाही, नुसतं 'मिस्टर मराठवाडा'ची ट्रॉफी पण चालत नाही. एस (ACE), एनएएसएम (NASM), एसीएसएम (ACSM) ही अमेरिकन संस्थांची, किंवा ब्रिटनचं लेव्हल ३ पर्सनल ट्रेनर. एसची परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तास, ८०० पैकी ५०० आले की पास, आणि वय १८ पूर्ण पाहिजे. दर दोन वर्षांनी ते रिन्यू करावं लागतं. एससाठी सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देणं) आणि एईडीचं (हृदयाला शॉक देणारं मशीन) चालू सर्टिफिकेट लागतंच, आणि ते नंतर जहाजासाठीही उपयोगी पडतं, म्हणून ते आधी उरकून घ्या. अभ्यास इंग्रजीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मला पहिल्या दोन चॅप्टरला महिना लागला, नंतर तेच तेच शब्द येतात, हात बसतो. स्नायूंची नावं लॅटिन आहेत, ती इंग्रजी मीडियमवाल्या पोरालाही तेवढीच अवघड जातात, हे लक्षात आल्यावर मला लई हायसं वाटलं.

योगाचं सर्टिफिकेट जोडून घ्या. आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा होतात, त्यातली एखादी लेव्हल करा. परदेशी प्रवाशांना भारतीय माणसानं योगा शिकवणं म्हणजे अगदी पुरणपोळी आजीनं केल्यासारखं वाटतं, क्लास भरतो. फक्त दंड बैठका आणि सपाटे मारणाऱ्या पोरांनी आधी स्वतःच्या हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूंचं, काहीतरी करा. मी स्वतः पहिल्यांदा पश्चिमोत्तानासनाला बसलो तेव्हा हात गुडघ्याच्या पुढं जात नव्हते.

अनुभव किमान दोन वर्षांचा असू द्या, नुसता दाखवण्यापुरता नाही. कारण जहाजावर येणारं गिऱ्हाईक २५ वर्षांचं नसतं. साठ-सत्तरीचे लोक जास्त, कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या हृदयाची बायपास, कुणी बीपीच्या गोळ्यांवर. माझ्या इंटरव्ह्यूत विचारलेला प्रश्न : ६५ वर्षांचे गृहस्थ आहेत, बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे, ट्रेडमिलवर किती हार्ट रेट ठेवशील? मी मनात २२० वजा वय हे जास्तीत जास्त हार्ट रेटचं सूत्र करायला लागलो, आणि तिथंच फसलो असतो. ती गोळी हार्ट रेट दाबून ठेवते, त्यामुळं सूत्रातून आलेला आकडा कामाचा नाही, माणसाला किती दम लागतोय ते त्यालाच विचारायचं, दम किती लागतोय ते आकड्यात सांगायचा बोर्ग स्केल ६ ते २० असतो तो वापरायचा, चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघायचं. एवढं सांगितलं आणि समोरची बाई खूश झाली. तुमच्या जिममध्ये सकाळी मधुमेहाचे, बीपीचे काका-काकू येत असतील तर त्यांना टाळू नका, तेच तुमचं खरं ट्रेनिंग आहे. पोरांचे बायसेप कुणीही वाढवतंय.

इंग्रजी

यावर लई पोरं अडतात म्हणून वेगळं लिहिलं. शेक्सपिअरचं इंग्रजी लागत नाही, क्लासचं लागतं. श्वास घ्या, सोडा, खांदे खाली, गुडघा बोटांच्या पुढं नको, दुखलं तर थांबा, अजून चार बाकी. ही चाळीस-पन्नास वाक्यं आहेत. मी ती वहीत लिहून काढली आणि पहाटे जिम उघडल्यावर रिकाम्या हॉलमध्ये माइक धरल्यासारखा हात करून जोरात म्हणायचो. झाडू मारणारे काका दोन दिवस बघत राहिले, तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले "फोर मोअर!" खोटं नाही सांगत.

बऱ्याच कंपन्या मार्लिन्स नावाची इंग्रजी टेस्ट घेतात, खास जहाजावर काम करणाऱ्यांसाठी असलेली, ऐकणं-वाचणं-शब्द असं सगळं त्यात असतं. सराव करून जा. आणि ऐकायचा सराव जास्त करा, कारण अमेरिकेच्या दक्षिणेकडचा म्हातारा माणूस बोलतो तेव्हा सुरुवातीला कायसुदा कळत नाही, आपल्याला जसं उदगीरच्या पलीकडचं कानडी मिसळलेलं बोलणं पहिल्यांदा ऐकल्यावर होतं तसं.

सीव्ही, व्हिडिओ, इंटरव्ह्यू

सीव्ही एक पानाचा. फोटो कॉलरच्या टी-शर्टमधला, हसरा, केस कापलेले. उघड्या अंगाचा, तेल लावलेला, डबल बायसेपचा फोटो लावू नका रे बाबांनो, मी अशा फोटोचे सीव्ही डोळ्यांनी बघितलेत. समोरच्याला एवढंच बघायचं असतं की हा माणूस एका सत्तर वर्षांच्या बाईला घाबरवणार तर नाही ना. मुद्दे आकड्यांत लिहा, 'हार्डवर्किंग' वगैरे सगळेच लिहितात. किती मेंबरचं जिम, तुमचे स्वतःचे पर्सनल क्लायंट किती, आठवड्याला किती क्लास, पॅकेज रिन्यू किती जणांनी केलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सांगितलं ना, सेल्स.

मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ करून ठेवा, त्यात नाव, अनुभव आणि एखादा व्यायाम समजावून सांगताना. उजेड समोरून, मागं टेप लावलेली फुटकी आरशाची भिंत नको, गाणं बंद.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होतो बहुतेक. त्यात एक रोल-प्ले हमखास असतो : मी प्रवासी आहे, सुट्टीवर आलोय, मला व्यायाम करायचा नाही, तरी मला सेशन विकून दाखव. इथं भाषण ठोकू नका. प्रश्न विचारा. कुठं दुखतं, घरी गेल्यावर काय करायचंय, डॉक्टरनी काय सांगितलंय. मग एकच गोष्ट सुचवा आणि किंमत न अडखळता सांगा. आपली पोरं किंमत सांगताना मान खाली घालतात, हे मी माझ्यासकट सगळ्यांचं बघितलंय. शेतातला माल अडत्यासमोर टाकून "द्या काय द्यायचं ते" म्हणायची सवय, ती जात नाही लवकर.

एजंट

आता दुखरी जागा. मला पहिल्या वेळेस एकानं गंडवलं. नाव घेत नाही, शहर पण सांगत नाही. एसी ऑफिस होतं, भिंतीवर जहाजांची पोस्टर, टेबलावर छोटा नांगर. प्रोसेसिंग फी म्हणून साठ हजार घेतले, त्यातले चाळीस वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते. तीन महिने "बोटीवरून मेल येणार" चाललं, मग ऑफिसच बंद. वडील एक शब्द बोलले नाहीत, त्यानं जास्त लागलं.

म्हणून नियम नीट समजून घ्या. खलाशांच्या हक्काचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात स्वच्छ लिहिलंय की नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नाहीत, सरळ पण नाही आणि आडून पण नाही. उमेदवारानं भरायचं ते फक्त ठरलेलं मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी (खलाशाचं सरकारी पुस्तक), पासपोर्ट असली स्वतःची कागदं. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा, हे तर बऱ्याच जुन्या पोरांनाही माहीत नाही.

भारतात जहाजासाठी भरती करणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, लायसन लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. एजंटनं नंबर सांगितला की तो डीजी शिपिंगच्या साइटवरच्या यादीत स्वतः शोधा, कंपनीचं नाव, पत्ता, लायसन चालू आहे का, सगळं जुळवा. फ्रेममध्ये लावलेल्या लायसनचा फोटो म्हणजे पुरावा नाही. नंतर जी जहाज कंपनी किंवा स्पा कंपनी सांगितली असेल तिच्या अधिकृत साइटवर जाऊन बघा की भारतात त्यांचा भरतीचा पार्टनर कोण लिहिलाय. ऑफर लेटर जीमेलवरून आलं, पगार चार हजार डॉलर लिहिला, आणि तीन दिवसांत पैसे भरा म्हणाले, की उठून या सरळ. आणखी एक प्रकार, कुठल्यातरी भलत्या देशाची सीडीसी आठ दिवसांत काढून देतो म्हणतात, लाखभर घेतात. तुम्ही भारतीय, तुमची सीडीसी भारताची. विषय संपला.

कागदं, कोणतं कधी काढायचं

हा क्रम चुकला की पैसे आणि वेळ दोन्ही जातं. पासपोर्ट सगळ्यात आधी, आत्ता, हे वाचून झालं की. आता त्यासाठी मुंबई-पुण्याला पळायची गरज नाही, आपल्याकडं पोस्टातली पासपोर्ट सेवा केंद्रं झालीत. दहावीचं सर्टिफिकेट जोडा म्हणजे ईसीआरचा (काही देशांत कामाला जायला आधी सरकारी परवानगी लागते असा) शिक्का बसत नाही. आधार, मार्कशीट आणि पॅनवरचं नाव एकसारखं करून घ्या. आपल्याकडं एका कागदावर वडिलांच्या नावापुढं 'राव' असतंय, दुसऱ्यावर नसतंय, आणि तो एक राव पुढं सहा महिने नाचवतो.

पासपोर्ट, ट्रेनरचं सर्टिफिकेट, सीपीआर, एवढ्यावर अर्ज आणि इंटरव्ह्यू करा. बाकीचा खर्च सिलेक्शन झाल्यावर, आणि कंपनीकडून लेखी यादी घेऊन. ते सांगतील तेवढंच करा.

यादीत साधारण हे येतं. आधी इंडोस नंबर, खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा, एकदाच मिळतो, आयुष्यभर तोच. मग एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, बेसिक सेफ्टी कोर्स, डीजी शिपिंगनं मान्यता दिलेल्या इन्स्टिट्यूटमध्येच, मुंबई-नवी मुंबईकडं बऱ्याच आहेत. पाण्यात जगायचं कसं, आग विझवायची कशी, प्रथमोपचार, सुरक्षितता आणि जबाबदारी, वर सिक्युरिटीचा, आणि प्रवासी जहाज म्हणून गर्दी सांभाळायचा. सगळं मिळून दोनेक आठवडे मुंबईकडं राहायची सोय धरून चला. नांदेडच्या पोरांना देवगिरी, आम्हाला लातूर एक्स्प्रेस, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी.

पाण्याचा कोर्स मजेशीर आहे. मी पोहायला शिकलो ते चुलत्याच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, चुलत्यानं मागून ढकललं आणि वरून ओरडला "हात मार हात!" हा माझा एकूण अनुभव. तिथं टाकीच्या वर उंच फळीवर उभं केलं, लाइफ जॅकेट घातलेलं. एका हातानं नाक दाबायचं, दुसऱ्या हातानं जॅकेट खाली ओढून धरायचं नाहीतर पाण्यावर आपटताना ते हनुवटीला लागतं, नजर समोर, पाऊल पुढं टाकायचं आणि मग पाय एकमेकांत अडकवायचे. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं. नंतर उलटा झालेला राफ्ट (जीव वाचवायचा फुगवायचा तराफा) सरळ करायचा, सिलिंडरच्या बाजूनं त्याच्या बुडावर चढायचं, पट्टा धरायचा आणि पाठीमागं अंग टाकून द्यायचं. तो राफ्ट आपल्याच अंगावर येऊन पडतो, तेव्हा घाबरायचं नाही, उताणं राहून हातानं सरकत बाहेर यायचं. पाण्यात माझ्याबरोबर कोकणातली दोन पोरं होती, ती माशासारखी, पण पट्टा ओढायला जोर लागला तेव्हा आमची तालीम कामाला आली.

कोर्स झाले की सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, ऑनलाइन अर्ज, दहा वर्षांची मुदत. गंमत म्हणजे जहाजावर 'सीडीसी आली' म्हणून सगळे धावत सुटतात तेव्हा ती वेगळी सीडीसी, अमेरिकेचं आरोग्य खातं. ते अचानक तपासणीला येतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली आले की जहाज नापास. त्या दिवशी जिममधला एकही डंबेल घामट दिसता कामा नये.

मेडिकल. जिमवाल्यांनो हे नीट वाचा. डीजी शिपिंगनं मान्यता दिलेल्या डॉक्टरकडंच होतं, सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. जड वर्कआउट करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर लिव्हरचे म्हणून जे आकडे बघतात, एएसटी-एएलटी, ते स्नायूंमुळंच वाढलेले दिसतात. क्रिएटिन खात असाल तर क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं आणि डॉक्टर किडनीकडं बघायला लागतो. माझं तेच झालं, आठ दिवस पुन्हा मुंबईत बसलो. आठवडाभर आधी जड व्यायाम बंद, क्रिएटिन त्याच्याही आधी बंद, पाणी भरपूर, आणि डॉक्टरला आधीच सांगा काय खाता ते. वजन-उंचीच्या गणितात गडी तगडा असला की लठ्ठ दाखवतो, त्यासाठी चरबीच्या टक्क्याचा रिपोर्ट जवळ ठेवा. ड्रग टेस्ट असते. आणि जे पोरगं स्टिरॉइडच्या सुया मारतंय त्यानं आधी त्या सोडाव्यात, नोकरीसाठी नाही तरी स्वतःसाठी.

अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजासाठी सी-१/डी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांचा, व्हिसा. डीएस-१६० फॉर्म, बोटांचे ठसे, मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. मला तीन प्रश्न : कोणतं जहाज, काम काय, किती महिने. खिडकीतल्या बाईनं हसून विचारलं, योगा पण शिकवतोस का. हो म्हणलं, झालं. कंपनीचं पत्र आणि सीडीसी हातात ठेवा, खोटं एक अक्षर नको. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, आता आयुष्यभर चालते, म्हणून तो पिवळा कागद जपा.

पैशाचं गणित, ऑफर सही करायच्या आधी

ऑफर हातात आली की नाचू नका, मेल करून हे विचारा : ठरलेला पगार किती आणि कमिशन किती टक्के, कशावर. टार्गेट झालं नाही तर किमान किती मिळणार. जायचं विमानाचं तिकीट कोणाचं. युनिफॉर्म, ट्रेनिंग, राहायचं यातलं काय कापणार. कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, बहुतेक सहा ते नऊ असतं. उत्तर फोनवर दिलं तरी मेलवर लिहून मागा.

समजा एक सेशन ८० डॉलरचं, तुमचं कमिशन समजा २० टक्के, तर हातात १६. आठवड्यात दहा सेशन झाले तर १६० डॉलर. हे गणित तुमच्या ऑफरच्या आकड्यांनी करा आणि निम्मे सेशन होतील असं धरून परत करा. दुसरा आकडा बघून पण जावंसं वाटलं तर जा. जेवण-राहणं फुकट असतं हे खरं, पण इंटरनेट, फोन, बंदरावरचं खाणं यात डॉलर कधी संपतो कळत नाही.

एका आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर इन्कम टॅक्सला एनआरआय धरतात, आणि परदेशी जहाजावरचा पगार एनआरई (एनआरआयच्या परदेशी कमाईचं बँक खातं) खात्यात घेता येतो. तारखांचा हिशोब निघायच्या आधी सीएला दाखवा. दोन दिवस आधी घरी आलो म्हणून बसलेला टॅक्स मी एका मित्राचा बघितलाय.

डिटॉक्सच्या पाकिटांबद्दल माझं मत : लिव्हर आणि किडनी ते काम फुकट करतात. कंपनी विकायला सांगते, सेमिनार घ्यायला लावते, मी घेतले. पण ज्याला औषधं चालू आहेत त्याला मी कधी विकलं नाही, आणि पेसमेकरवाल्याला किंवा गरोदर बाईला बॉडी कंपोझिशनच्या मशीनवर कधी उभं केलं नाही, त्यातून अंगात हलका करंट जातो. टार्गेट मी पर्सनल ट्रेनिंगनं भरायचो. पहिल्या महिन्यात नाही भरलं. तिसऱ्यापासून भरायला लागलं, कारण एका क्लायंटनं दुसरा आणला.

ज्याला एवढ्या लांब एकदम जायचं धाडस नाही त्यानं मुंबईहून चालणारी कॉर्डेलिया ही भारतातली क्रूझ कंपनी बघावी, २०२१ पासून चालू आहे, 'एम्प्रेस' नावाचं १९९० चं जहाज, गोवा-लक्षद्वीप-कोची करतं. समुद्र लागतो का नाही, बंद खोलीत झोप येते का नाही, ते घराजवळ कळतं.

चढल्यावर

केबिन पाण्याच्या रेषेखाली, खिडकी नाही, एका माणसाबरोबर वाटून. खालचा मोठा कॉरिडॉर, त्याला बऱ्याच जहाजांवर आय-९५ म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून. गोंधळ असा की अमेरिकेच्या बंदरात उतरायला क्रूला जो परवाना मिळतो त्याचं नाव पण आय-९५. पहिल्या आठवड्यात मला कुणी विचारलं आय-९५ कुठंय, तर मी खिसा चाचपायचो, त्याला रस्ता पाहिजे असायचा.

सात छोटे आणि एक मोठा भोंगा म्हणजे इमर्जन्सी, आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे अशा वेळी जमायची जागा, पहिल्या दिवशी पाठ करायचं. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा तुमचा हक्क, तासांच्या नोंदीवर सही करताना आकडे वाचून करा.

जिम बऱ्याच जहाजांवर वरती पुढच्या टोकाला असतं, नजारा भारी पण हेलकावा तिथंच जास्त. सुरुवातीला आलं चघळा, हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं खा, रिकाम्या पोटी क्लास घेऊ नका. समुद्र खवळला की ट्रेडमिल बंद करायच्या, प्रवासी चिडला तरी.

मेसमध्ये भारतीय जेवण असतं, स्वयंपाकी बरेचदा गोव्याचे, भात-डाळ मिळते. पण आपली भाकरी नाही. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला दिला होता, कस्टमचा विचार करून पॅकबंद आणि लेबल लावून न्या. प्रवाशांबरोबर केबिनमध्ये जाणं, जवळीक, हे सगळीकडं नोकरी जाण्याचं कारण आहे, एका रात्रीत पुढच्या बंदरावर उतरवतात. आपल्याकडच्या पोरी पण विचारायलेत, त्यांना सांगतो, जाता येतंय, ट्रेनरमध्ये मुली भरपूर आहेत. काही त्रास झाला तर जहाजावर तक्रारीची ठरलेली पद्धत असते, तिचा कागद चढल्यावर मागून घ्या आणि वाचा.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हा मी कॉलेजला होतो, हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा असायचो. आणि इथं शॉवर सोडला तर खळाखळा गोडं पाणी, समुद्राचंच, जहाजावरच खारेपण काढलेलं. मी दोन मिनिटांत नळ बंद केला, आजही करतो, केबिनमेट हसतो.

कॉन्ट्रॅक्ट संपून उतरायच्या दिवशी घाई असते, बॅगा, टॅक्सी, विमान. तेवढ्यातही क्रू ऑफिसात जाऊन सीडीसीवर साइन-ऑन (चढल्याची) आणि साइन-ऑफ (उतरल्याची) दोन्ही तारखा शिक्क्यासकट आहेत का बघा, जुळत नसतील तर तिथंच दुरुस्त करून घ्या, फोटो काढा, आणि शेवटची पगाराची स्लिप मागून घेतल्याशिवाय गँगवेवर, म्हणजे उतरायच्या पुलावर, पाय ठेवू नका. लातूरला पोचल्यावर तो शिक्का कुणी मारून देत नाही.